चारशे बाराचा फायरमन

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती एकतीस वर्षं कवळ्या बनवत होती. पुढे डॉक्टर लोकांच्या तोंडात डोकवायचे आणि मागे ती साचे ओतायची. पेशंट तिला कधी दिसायचे नाहीत. यायचे ते नुसते त्यांचे जबडे, प्लास्टरचे, चिठ्ठी चिकटवलेले. दवाखान्यात सगळे तिला कवळीताई म्हणत, आणि आता तिलाही ते नाव अंगवळणी पडलं होतं.

घरी गेल्यावर बोलायला कोणी नव्हतं. लग्न झालं नाही. त्याचं कारण विचारणारेही एकेक करून थकले. धाकटा भाऊ नोकरीसाठी लांब गेला तो तिकडचाच झाला. बाबा शेवटपर्यंत तिच्याजवळ होते, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. संध्याकाळी ती भाजी गॅसवर टाकायची, जेवायची, भांडी विसळायची आणि मग खिडकीजवळच्या टेबलावर बाबांचं इंजिन घेऊन बसायची.

बाबा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, भट्टीत कोळसा टाकणारे. चारशे बारा नंबरचं इंजिन. लहानपणी रोज जेवणानंतर बाबा सांगायला बसायचे आणि ती दोघं भावंडं मांडी घालून ऐकायची. चढावर दाब कसा उतरायचा, मग एक फावडं डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या कोपऱ्यात, मधे कधीच नाही. आगीकडे सरळ बघायचं नाही, तिचा रंग बघायचा. घरात फोटो एकच होता. इंजिनासमोर बाबा उभे, अंगावर काळा सदरा, हात पाठीमागे.

त्या फोटोवरून आणि आगगाड्यांच्या एका हौशी मंडळाकडून टपालानं मागवलेल्या नकाशांवरून तिनं सहा वर्षांत ते इंजिन उभं केलं होतं. वीतभर लांब. पितळी पत्रा कापायला, झाळायला, घासायला तिची कवळ्यांचीच हत्यारं. कोळशाच्या जागी खरा कोळसा, कुटून चाळलेला. इंजिनावर फावडं घेतलेला माणूस तिनं आधी मेणात कोरला, मग कवळीच्या गुलाबी मसाल्यात ओतला आणि रंगवला. नाक बाबांसारखं जमायला चार माणसं वाया गेली.

इंजिन पुरं झालं तेव्हा रविवार होता. तिनं ते टेबलाच्या मधोमध ठेवलं, जरा वेळ बघत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आता हे कुणाला दाखवायचं ते आपण कधी ठरवलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर एक कवळी हातात घेऊन मागच्या खोलीत आले.

"कवळीताई, ही परत आलीये. वृद्धाश्रमातले ते आजोबा. म्हणतात, जन्मभर इंजिनाची शिट्टी वाजवली, आता तोंड उघडलं की माझीच वाजते."

"इंजिन चालवायचे का?"

"ड्रायव्हर होते म्हणे. वाफेच्या काळातले."

कवळीच्या पुढच्या दातांमागे जराशी फट राहिली होती. तिनं ती भरली, पॉलिश केली आणि म्हणाली, "मीच नेऊन देते." डॉक्टर चकितच झाले. इतक्या वर्षांत ती त्या खोलीतून कुठल्या पेशंटकडे गेली नव्हती.

ड्रायव्हरकाका वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. हाडापेरानं मोठा माणूस, नव्वदीला टेकलेला. कवळी बसवून त्यांनी दोन-तीनदा साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणून बघितले. शिट्टी गेली होती. मग तिनं सोबत आणलेल्या खोक्यातून इंजिन काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी अंगठा बॉयलरवरून फिरवला, चाकं फिरवून पाहिली.

"चारशे बारा," ते म्हणाले. "हे मी नऊ वर्षं चालवलं. कुणी केलं हे?"

"मी. माझे बाबा यावर फायरमन होते." तिनं फोटो पुढे केला.

काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "अरे, हा तर आपला राखवाला."

"राखवाला?"

"शेडमध्ये इंजिन आलं की खाली खड्ड्यात उतरून राख ओढायचा. चांगला माणूस. फायरमन नव्हता गं पोरी. तीनदा अर्ज केला होता त्यानं. डोळ्यांच्या तपासणीत तिन्ही वेळा नापास. लाल आणि हिरवा त्याला एकच दिसायचा. अशा माणसाला गाडीवर कसा घेणार?"

तिला आठवलं, बाजारात बाबा टोमॅटो हातात धरून, "बघ गं, पिकलाय का," असं तिलाच विचारायचे. तिला वाटायचं, लाडानं विचारतात.

"पण चढाचं त्यांना सगळं माहीत होतं," ती शेवटी म्हणाली. "दाब, आग, सगळं."

"आम्हीच सांगितलेलं. आम्ही दमून खाली उतरायचो आणि हा खड्ड्यातून डोकं वर काढून विचारायचा, आज चढावर काय झालं? इतकं विचारायचा की आम्ही कंटाळायचो." काका हसले. "मी माझ्या पोरांपाशी कधी चकार शब्द काढला नाही बघ. घरी गेलो की आडवा व्हायचो."

इंजिन खोक्यात ठेवताना तिचे हात नेहमीसारखेच चालले. एकतीस वर्षांची सवय होती. घरी आल्यावर मात्र दोन दिवस तिनं खोकं उघडलं नाही. बाबांचा राग येतोय का, हे तिनं मनाशी तपासून पाहिलं. राग नव्हता. रोज राखेनं माखून घरी यायचं, अंघोळ करायची आणि मग पोरांसमोर फायरमन होऊन बसायचं, याचंच तिला राहून राहून वाईट वाटत होतं. आपण एकदा जरी शेडमध्ये डबा घेऊन गेलो असतो तर! पण बाबा कधी येऊच द्यायचे नाहीत.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा काकांकडे गेली. यावेळी हातात वही होती.

"खड्डा किती खोल होता, काका? राख ओढायचं ते काय असायचं? आत वाकून उभं राहायला लागायचं का?"

काकांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. "ते नाही सांगता यायचं मला. नऊ वर्षं त्याच्या डोक्यावर इंजिन आणून उभं केलं, पण खाली वाकून काही बघितलं नाही कधी."

म्हणून खड्डा तिनं अंदाजानंच केला. प्लास्टरच्या पाटावर रूळ बसवले, रुळांमधे खड्डा कोरला, विटांच्या रेघा ओढल्या, खरी राख शिंपडली. इंजिनावरचा माणूस अलगद सोडवून घेतला, त्याच्या हातातलं फावडं काढून लांब दांड्याचं दाताळं दिलं आणि त्याला खड्ड्यात उभा केला. इंजिनावर दुसरा एक माणूस ठेवला. त्याचं नाक कसंही झालं तरी चालणार होतं.

महिन्याभरानं भाऊ कामानिमित्त एका दिवसासाठी आला. टेबलापाशी आल्याआल्या त्याचे डोळे भरले.

"ताई, अगदी बाबा गं," इंजिनावरच्या माणसाकडे बघत तो म्हणाला. "तसंच नाक."

ती त्याच्यासाठी चहा गाळत होती. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो त्याच्या नातीला हीच गोष्ट रोज फोनवर सांगतो, हे तिला माहीत होतं.

"आणि हा खाली कोण?" त्यानं विचारलं.

"राख काढणारा."

"शेडसुद्धा केलीस. कमाल आहे तुझी." त्यानं मोबाइल काढला, इंजिन नीट मधोमध यावं म्हणून दोन पावलं मागे सरकला, आणि खड्ड्याचा भाग कडेला राहून गेला. फोटो मनासारखा आल्यावर त्यानं तो तिला दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला, छान आलाय म्हणाली, आणि चहाचा कप त्याच्या हातात दिला.