सह कोणी व्हायचं?

रहिवासी मंडळाच्या निवडणुकीत अध्यक्षपदाच्या दोन्ही उमेदवारांना एकवीस-एकवीस मतं पडली. उमेदवार एकमेकांचे व्याही-विहीण होते.

व्याही सहाव्या मजल्यावर राहायचे. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. लोकांच्या चुका काढायचा पगार घेतला होता, आता फुकट काढत होते. विहीणबाई चौथ्या मजल्यावर, मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. अजूनही त्या जिन्यात दिसल्या की लोक आवाज खाली आणायचे. व्याह्यांची एकुलती एक मुलगी विहीणबाईंची सून. तिनं मत कोणाला दिलं हे तिनं सांगितलं नव्हतं. ते आपल्यालाच, असं दोघंही धरून चालले होते.

फेरमतदानाला कोणाकडे वेळ नव्हता. "दोघंही अध्यक्ष," असं कोणीतरी म्हणालं, टाळ्या झाल्या, आणि लोक घरी गेले.

दुसऱ्याच दिवशी लिफ्ट बंद पडली.

मंडळाच्या चिटणीसानं, म्हणजे तळमजल्यावरच्या चष्मेवाल्यानं, लिफ्ट कंपनीला पत्र लिहिलं आणि खाली 'अध्यक्ष' असं टाकून ते सहाव्या मजल्यावर नेलं. व्याह्यांनी दोन अनुस्वार दुरुस्त केले आणि सही केली. मग चष्मेवाला पत्र घेऊन चौथ्या मजल्यावर आला.

"आणि मी कुठे?" विहीणबाईंनी विचारलं.

चष्मेवाल्यानं नवं पत्र केलं: एका बाजूला 'अध्यक्ष', दुसऱ्या बाजूला 'सहअध्यक्ष'. त्या संध्याकाळी चष्मेवाल्यादेखत दोघांची गाठ चौथ्या मजल्यावर, मुलीच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत पडली.

"सहअध्यक्ष म्हणजे कमी असं नाही, विहीणबाई," व्याही समजावू लागले. "सह म्हणजे सोबत. बरोबरीनं."

"मग तुम्ही व्हा सह."

"तसं नाही. अध्यक्ष हा शब्द मुळात पुल्लिंगी..."

"व्याहीबुवा, आमंत्रणावर 'सहकुटुंब' लिहितात ना, तेव्हा नाव नवऱ्याचं असतं आणि सह मी असते. चाळीस वर्षं सह होते. आता पुरे."

आत फोडणी जरा जास्तच जोरात चरचरली. मुलगी मुद्दाम बाहेर येत नव्हती.

मग शब्दांची शोधाशोध सुरू झाली. 'संयुक्त अध्यक्ष' विहीणबाईंना सांधे जोडल्यासारखं वाटलं. तसले रुग्ण त्यांनी पुष्कळ पाहिले होते. 'कार्याध्यक्ष' त्यांना चालला असता, पण मग दुसरा नुसता बसून असतो असा अर्थ निघतो, हे व्याह्यांच्या वेळेवर लक्षात आलं. 'अध्यक्ष क्रमांक एक' आणि 'दोन' हे चष्मेवाल्यानं सुचवलं आणि दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा अर्धा टाकून उठला. शेवटी व्याह्यांनी कोश उघडून 'अध्यक्षद्वय' काढला.

"हे काय? कुस्तीची जोडी आहोत का आपण?" विहीणबाई म्हणाल्या.

अकरा दिवस गेले. या अकरा दिवसांत व्याह्यांनी 'पदनामांविषयी टिपण' नावाचा नऊ पानी मजकूर लिहून काढला आणि तो वाटायला सहा मजले तीनदा उतरले-चढले. तिसऱ्यांदा पाचव्या मजल्यावर ते पायरीवर बसले. वरून किराणा घ्यायला निघालेली एक म्हातारी त्यांच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "अध्यक्ष, तेवढं लिफ्टचं बघा हो." त्यांना 'अध्यक्ष' हाक फार गोड लागली. लिफ्टचं ते घरी पोचेपर्यंत विसरले.

शेवटी पत्राशिवायच कंपनीनं मेकॅनिक पाठवला. सातव्या मजल्यावरच्या कोणीतरी वैतागून थेट फोन केला होता. हडकुळा, मितभाषी माणूस. त्यानं छापील अर्ज काढून चष्मेवाल्याच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवला. दोन्ही अध्यक्ष हजर होते.

"इथे इमारतीचे प्रमुख," त्यानं बोट ठेवलं.

एका छोट्या रेघेवर दोघांनी दाटीवाटीनं सह्या केल्या. व्याह्यांची सही डावीकडून सुरू झाली म्हणून विहीणबाईंनी आपली जरा उंचावर केली.

"आणि इथे, 'कामाच्या वेळी हजर राहणारी जबाबदार व्यक्ती'. काम चार दिवसांचं आहे. काही कमीजास्त झालं, तर कंपनी यांना विचारणार."

चष्मेवाला उगाच एक काच पुसू लागला. व्याह्यांनी पेनाला टोपण लावलं.

"'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी आहे," ते खाकरून म्हणाले. "तेव्हा विहीणबाई, सही तुम्ही करणं व्याकरणाला धरून होईल."

विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पुढे कित्येक दिवस ती नजर व्याह्यांना जेवताना आठवत राहिली.

"व्याकरणाला भिऊन नाही करत," त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतात म्हणून करते." आणि त्यांनी सही केली. खाली पदनाम लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत स्टूल टाकून बसल्या. व्याह्यांनी सहाव्या मजल्यावर वर्तमानपत्र उघडलं. डोक्यावरून ठाकठूक ऐकू येत होती. पहिल्या पानावर दोन चुका होत्या, पण आज चुका सापडून बरं वाटेना. अकराच्या सुमारास मुलगी धापा टाकत आली.

"बाबा, आई सकाळपासून वर बसल्यात. बासष्ट वर्षांच्या बाईनं चार मजले चढून जायचं आणि तुम्ही इथे पेपर वाचायचा? मला त्या घरात तोंड दाखवायचंय."

"मी निघालोच होतो," व्याही म्हणाले. ते निघाले नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

चहाचा थर्मास घेऊन ते वर गेले. विहीणबाईंनी थर्मास घेतला, आभार मानले नाहीत.

"आलात ते बरं झालं. त्या मुख्य बटणापाशी बसा. हा आत हात घालून काम करतोय. कोणी येऊन बटण चालू केलं तर माणूस जाईल. कोणालाही हात लावू देऊ नका."

व्याही बसले. तीन तास बसले. कोश नव्हता, पेपर नव्हता. मेकॅनिकचे दोन तेलकट पाय यंत्राखालून बाहेर आले होते, तेवढे दिसत होते. पाठीला रग लागली तरी ते हलले नाहीत. दुपारी सातव्या मजल्यावरचे गृहस्थ "किती वेळ अजून?" म्हणत आत शिरले, तेव्हा व्याही दोन्ही हात पसरून असे उभे राहिले की ते गृहस्थ आल्या पावली परत फिरले.

"छान," विहीणबाई म्हणाल्या. मेट्रनच्या तोंडून तेवढंच निघायचं, आणि पूर्वी नर्सबाया तेवढ्यावर आठवडा काढायच्या. व्याह्यांनी चार दिवस काढले.

पाचव्या दिवशी लिफ्ट चालू झाली. चष्मेवाल्यानं खालच्या फळ्यावर सूचना लावली: 'दोन्ही अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांमुळे लिफ्ट सुरू झाली आहे.'

व्याह्यांनी ती दोनदा वाचली. इकडेतिकडे पाहून 'दोन्ही अध्यक्षांच्या' हे शब्द खोडले आणि वर नीट अक्षरात 'विहीणबाईंच्या' असं लिहिलं. मग वाटलं, सगळ्या इमारतीच्या त्या विहीणबाई नाहीत. पण खाडाखोड नको म्हणून राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर तेही खोडलेलं. त्यावर मेट्रनच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मेकॅनीकच्या'.

व्याह्यांनी खिशातून पेन काढलं. लिफ्ट येऊन थांबली, दार उघडलं, आपोआप बंद झालं. मग त्यांनी 'नी'ची वेलांटी ऱ्हस्व केली. मजकुराला हात लावला नाही.