चपलांची लाईन

भोकरदनला मुकुल डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर माणसं लावत नव्हती, चपला लावत होत्या. शटर उघडायच्या आधीच पेशंट यायचे, पायातली जोडी पायरीपासून लाईनीत ठेवायचे आणि समोरच्या टपरीवर चहा ढोसत बसायचे. काउंटर उघडलं की ज्याची चप्पल पुढं त्याला पहिलं टोकन. कुणाची हरकत नव्हती. चप्पल भांडत नाही, तिला चक्कर येत नाही, आणि मधेच मुतायलाही जात नाही.

हे सगळं भावनाला ठाऊक होतं. लहानपणी आईची चप्पल तिनंच इथं कितीदा लावली होती. पण जालन्याला दवाखान्याच्या ऑफिसकामाचा कोर्स केला, आणि पोरीच्या डोक्यात नवं भरता भरता जुनं सांडलं. आज तिची प्रॅक्टिकलची परीक्षा. संभाजीनगरहून गंधाली मॅडम मार्क द्यायला येणार होत्या. पास झाली तर डॉक्टर काउंटरवर कायम ठेवणार, नापास झाली तर परत रानात कापूस वेचायला.

घरी तिनं तयारी काही कमी केली नव्हती. रोज संध्याकाळी तिचा बाप तातेराव पेशंट व्हायचा. कधी त्याचं पोट दुखायचं, कधी शिंग फुटायचं.

"नाव काय, काका?"

"तुझा बाप."

"तसं न्हाई बाबा, बराबर सांगा ना."

मग ती कोर्समध्ये शिकवलं तसं पूर्ण नावानं पुकारायची, "तातेराव भिवाजी खरात, आत या." तातेराव जागचा हलायचा नाही. "अजून एकदा म्हण," म्हणायचा. गावात त्याला सगळे 'ए तात्या' म्हणायचे. एवढ्या लांब नावानं त्याला जन्मात कुणी बोलावलं नव्हतं.

तर परीक्षेच्या सकाळी भावना दवाखान्यात आली, आणि पायरीवरच्या वाकड्यातिकड्या, चिखलानं भरलेल्या चपला बघून तिला कसंतरीच झालं. 'काउंटर म्हणजे दवाखान्याचं तोंड', हे कोर्समधलं वाक्य डोक्यात भिनलेलं. तिनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि सगळ्या चपला उचलून रॅकवर लावल्या. मोठ्या खाली, लहान वर, बायकांच्या वेगळ्या. दोन पावलं मागं सरून स्वतःच्या कामाकडं कौतुकानं बघितलं.

तेवढ्यात टपरीवरून चांगुणाबाई आली. "आगं बया! माझी चप्पल कुठं गेली?"

"रॅकवर हाये मावशी. बघा कशी छान लावली."

"माझा नंबर रॅकवर चढवला व्हय गं, भवाने?"

झालं! सगळी टपरी दवाखान्यात घुसली. जो तो म्हणे, पहिला मीच. किराणावाले राधेश्यामशेठ शटर उघडल्यावर आले होते, तेही छाती ठोकून पहिले. या गोंधळात गंधाली मॅडम आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पेन काढला. त्यांच्या मागोमाग काळीपिवळीतून कोण उतरावं? इस्त्रीचा शर्ट घातलेला तातेराव.

"सरका!" तो सगळ्यांना म्हणाला. "माझा पहिला नंबर. पोरगी माझीच हाये."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. गेली आपली परीक्षा, भावनाला वाटलं. मग तिला चपला लावायचे ते दिवस आठवले. इथला माणूस खोटं बोलतो ते फक्त स्वतःच्या नंबरापुरतं. दुसऱ्याच्या नंबराबाबतीत तो हरिश्चंद्र असतो.

"ऐका!" ती ओरडली. "स्वतःचा नंबर कुणी सांगायचा न्हाई. दुसऱ्याचा सांगायचा. जो स्वतःचं बोलल, त्याला शेवटचं टोकन!"

मग काय विचारता!

"शेठ आत्ता आले, शटर उघडल्यावर!"

"चांगुणाबाई पहिली, पण तिनं सुनेची पण जोडी ठेवल्ती. सून झोपलीय घरी!"

बघता बघता लाईन लागली. पार सकाळी होती तशी. भावनानं बापाकडं बोट केलं. "अन् हे?"

"हे तर आत्ताच उतरले!" सगळे एका सुरात.

"भावने," तातेराव हळू आवाजात म्हणाला, "यासाठी शिकवलं का तुला?"

भावनाच्या मनात आलं, सोडावं का आत? कोण काय करणार आहे? पण तिनं शेवटचं टोकन फाडलं आणि बापाच्या हातात दिलं. तातेराव तोंड फुगवून कोपऱ्यात जाऊन बसला.

दुपारी एक गॉगलवाला गडी थेट केबिनकडं निघाला. "मला जल्दी हाये," म्हणाला. तातेरावनं बसल्या जागेवरून पाय आडवा घातला.

"ए, मागं व्हय! सख्ख्या बापाला सोडलं न्हाई तिनं, तू कोण लागून गेला?"

मॅडम हसल्या. जाताना डॉक्टरांना म्हणाल्या, "रॅक काढून टाका. पोरगी ठेवा."

दवाखाना रिकामा झाला होता. भावनानं माईक घेतला. "तातेराव भिवाजी खरात, आत या."

तातेराव जागचा हलला नाही.

"बाबा, तुमचाच नंबर हाये."

"अजून एकदा म्हण."

तिनं पुन्हा पुकारलं. या वेळी आवाज फाटला. तातेराव उठला, शर्ट नीट केला आणि केबिनकडं न जाता रॅककडं गेला.

"आवो, डॉक्टर थांबलेत तुमच्यासाठी! काय होऊन राह्यलं तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?" तातेराव चप्पल पायात सरकवत म्हणाला. "एवढंच ऐकायला आल्तो."