नऊ सेंटीमीटर

२१ फेब्रुवारी १९९९, रविवार. सायंकाळचे चार वाजून बावन्न मिनिटे. मैदानात बावीस खेळाडू आणि दोरीबाहेर सुमारे अकराशे प्रेक्षक होते. त्या मिनिटाला मी एका माणसाचा गोल अडवला. मित्रांनो, गोल अडवणे हे गोलरक्षकाचे काम आहे. मी नाशिकच्या गंगापूर रोडजवळील एका मैदानावरचा जुना लोखंडी गोलपोस्ट आहे, आणि त्या मिनिटाची मला आजही लाज वाटते.

माझा जन्म १९९१ सालचा. वेल्डर खलीलभाईंनी चार इंची पाइपाचे तीन तुकडे जोडून मला घडवले. जमिनीपासून आडव्या दांड्याच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर त्यांनी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा ते नियमाप्रमाणे दोन मीटर चव्वेचाळीस सेंटीमीटर भरले. मग पाय काँक्रीटमध्ये घट्ट बसवून त्यांनी मला पांढरा रंग दिला. “आता वीस वर्षं बघायला नको,” असे ते स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या लोकांना म्हणाले. मीही त्यावर विश्वास ठेवला.

आमच्या मैदानाची एक रीत होती. दरवर्षी स्पर्धेपूर्वी माझ्या पायाशी नारळ फुटे आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून ट्रॅक्टरने राख येई. मैदानाची देखभाल करणारे पेठकडचे पुंजा ती मैदानभर पसरत, पाणी मारत आणि रूळ फिरवत. दाबून बसल्यावर तो थर जेमतेम एक सेंटीमीटर उरे. मैदान आरशासारखे सपाट दिसे आणि सगळे पुंजांची वाहवा करत. दरवर्षी जमीन थोडी वर येत होती. मी मात्र जागच्या जागी होतो. हे कोणाच्याच ध्यानात आले नाही, आणि मला सांगता येत नव्हते.

१९९९ च्या अंतिम सामन्यासाठी मुंबईच्या एका संघाने बोस्नियाचा आघाडीपटू आणला. त्याचे नाव नेदिम, वय छत्तीस. सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावर त्याची माहिती वाचून दाखवली गेली. पोलाद कारखान्याच्या गावात तो लहानाचा मोठा झाला. एकोणिसाव्या वर्षी पहिल्या श्रेणीच्या संघात आला. पुढे देशात युद्ध पेटले, त्याच्या मैदानावर खंदक खोदले गेले, आणि तो बूट पिशवीत घालून बाहेर पडला. स्लोव्हेनिया, तुर्कस्तान, मलेशिया असे करत तो आमच्याकडे पोहोचला होता. प्रेक्षकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

सामना सुरू होण्याआधी त्याच्या संघाचे व्यवस्थापक मला टेकून उभे राहिले आणि त्याला हिंदीत स्पष्टच म्हणाले, “आज एक गोल, तो अगला सीझन तेरा. नहीं तो घर जाओ.”

भारतात आल्यापासून कामापुरती हिंदी शिकलेल्या नेदिमने होकारार्थी मान हलवली. त्याचा उजवा गुडघा पट्ट्याने बांधलेला होता. दुसरा कोणताही संघ त्याला बोलावणार नव्हता, हे त्यालाही ठाऊक होते.

सामना बरोबरीत चालला होता. शेवटच्या मिनिटांत डावीकडून चेंडू आला. नेदिमने तो छातीवर घेतला आणि जमिनीवर पडू न देताच मारला. गोलरक्षक जागचा हलला नाही. चेंडू माझ्या दांड्याच्या खालच्या अंगावर आदळला, रेषेच्या अलीकडे पडला आणि मैदानात परत उसळला. मी नऊ सेंटीमीटर वर असतो, तर तो मला जेमतेम घासून आत गेला असता. सामना गोलाविना संपला आणि चषक दोन्ही संघांत वाटला गेला.

लोक पांगल्यावर नेदिम माझ्याखाली येऊन उभा राहिला. त्याने हात वर केला आणि तळवा दांड्याला लावला. एवढी वर्षे अशाच दांड्यांखाली काढलेल्या माणसाला टेपची गरज नव्हती. त्याने जाळी सोडवायला आलेल्या खलीलभाईंकडे पाहिले.

“भाई, ये नीचे है.”

पुंजा रुळावर बसले होते. ते हसून म्हणाले, “गोल नाय झाला, आता दांडीला बोल लावतोय.”

खलीलभाई म्हणाले, “मी तीनदा मोजून उभा केलाय. लोखंड काय आटतं का?”

टेप त्यांच्या खिशात होता. तो त्यांनी काढला नाही. नेदिमने वाद घातला नाही. त्याने खलीलभाईंशी हस्तांदोलन केले, बूट काढले आणि अनवाणी निघून गेला. त्याला पुढचा हंगाम मिळाला नाही.

त्यानंतर स्पर्धाही पुन्हा भरली नाही. माझी जाळी चोरीला गेली, रंग उडाला, माझ्यावर गोधड्या वाळू लागल्या. मला त्याचे वाईट वाटले नाही. शिक्षा आहे, असेच मी मानले.

२००२ मध्ये मला एका शाळेत हलवायचे ठरले. त्या कामाला खलीलभाईही आले. पुंजांनी माझ्या पायाशी कुदळ घातली आणि अचानक थांबले. राखेखाली माझ्या पायावर तांबड्या रंगाचा पट्टा निघाला. उभारणीच्या दिवशी जमिनीची पातळी दाखवण्यासाठी तो खलीलभाईंनीच ओढला होता. पुंजांनी राखेची कड हाताने साफ केली आणि बोट ठेवत थर मोजले.

“उस्ताद, नऊ हायेत. समदे मीच टाकलेले.”

खलीलभाईंनी आता टेप काढला. मोजून झाल्यावर ते तिथेच मातीत बसले. टेप गुंडाळत म्हणाले, “तू टाकलेस, पुंजा. पण मोजायचं माझं काम होतं. आणि तो माणूस मोज म्हणत होता.”

त्यांनी मुलगी निलोफरकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतले आणि मुंबईच्या संघाकडून पत्ता मिळवून ते बोस्नियाला धाडले. झालेली चूक त्यात मापांसह लिहिली होती. तो गोल आम्ही झाला असे धरतो, तुम्हीही धरावा, अशी विनंतीही केली होती.

मित्रांनो, मी आता शाळेत योग्य उंचीवर उभा आहे. तुमच्या मैदानावरही माझ्यासारखा कोणी असेल. खेळण्यापूर्वी त्याला दरवर्षी मोजा. आणि कोणी चूक दाखवली, तर आधी टेप काढा, उत्तर नंतर द्या.

पाच महिन्यांनी नेदिमचे उत्तर आले. तो गावी मुलांना फुटबॉल शिकवत होता. पत्रासाठी त्याने आभार मानले होते, आणि सोबत आपल्या गोलांची वर्षवार यादी जोडली होती. नाशिकसमोर त्याने शून्यच लिहिले होते. खाली बेरीज होती : १४३.