चिन्मयीची गाळलेली ओळ

आमच्या सौमित्रला एक नवीन सवय लागली आहे आणि ती मला अजिबात खपत नाही. त्याला एखादी गोष्ट माहीत असली, की ती कोणी शिकवली हे तो सांगत नाही. परवा जेवताना मला म्हणतो, "आई, मटार फ्रीजरमध्ये ठेवायच्या आधी उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकायचे. रंग टिकतो."

मी विचारलं, "अच्छा! कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. असंच माहीत आहे."

असंच! दर थंडीत हा पोरगा माझ्यासमोर बसून हेच बघत आला. मी समोर, पातेलं समोर, आणि माझंच मला शिकवून वर म्हणतो असंच. मी त्याच्या ताटात वाढायची पोळी परत डब्यात ठेवली. त्याला कळलंही नाही काहून ठेवली ते.

ही सवय कुठून आली ते मला ठाऊक आहे. ऑफिसातून आली.

सौमित्र माझा मुलगा, चिन्मयी माझी सून. दोघंही एकाच कंपनीत इंजिनिअर. कंपनी पुण्याला, पण हे दोघं इथे जबलपूरलाच, नेपियर टाउनमधल्या आमच्या घरातून काम करतात. तो पुढच्या खोलीत, ती मागच्या. मधल्या खोलीत मी. त्यामुळे दोघांचंही सगळं माझ्या कानावरून जातं. लोक म्हणतात म्हातारी कान देते. कान द्यायला लागत नाहीत बाबा, भिंती पातळ आहेत.

कंपनीचं काम शीतगृहांचं. बटाटे, मटार, औषधं जिथे थंडीत ठेवतात तिथली यंत्रं हे लोक इथे बसून कॉम्प्युटरवरून चालू-बंद करतात. त्यात जुन्या यंत्रांची खरी जाणकार चिन्मयी. हैदराबादवाल्यांचं अडलं, बंगळुरूवाल्यांचं अडलं, की फोन हिला. एका हाताने पोहे हलवून राहिली आणि दुसऱ्या हातात फोन, "नहीं भैया, पहले वो वाला मत दबाइए." सांगून झालं की ती ते लिहूनही ठेवायची, म्हणजे पुढच्याला कामी येईल. चांगल्या घरची पोरगी आहे. इथल्याच, जबलपूरच्या गढ्याची. तिचे वडील रेल्वेत होते, पण ऐट नाही.

मग कंपनीने ते नवीन काढलं. साथी म्हणून. मी चौथी पास, तरी मला सौमित्रने समजावलं, म्हणजे मला समजलं. सगळ्या टीमच्या लोकांनी जे जे लिहून ठेवलं ते त्या साथीला वाचायला द्यायचं. मग कुठलाही इंजिनिअर त्याला साध्या भाषेत काहीही विचारो, ते सगळ्यांच्या लिहिण्यातून आपलं उत्तर जुळवून देतं, माणूस बोलल्यासारखं. फोन नको, वाट बघायला नको.

चिन्मयीलाही ते आवडलं होतं, हे मी खरं सांगते. म्हणाली, "आई, बरं झालं. तेच तेच दहादा सांगून मी थकून जायची. आता एखादी नवीन मुलगी घाबरत असेल ना विचारायला, ती त्याला विचारेल."

साथीला खायला काय घालायचं हे काम सौमित्रकडे आलं. वरून त्याला एवढंच सांगितलं होतं, की उत्तरात माणसांची नावं यायला नकोत, नाहीतर लोक पुन्हा त्या माणसांनाच फोन करत बसतील. आता नाव काढायचं तर नाव काढ. पण ओळ वाचून, समजून, फक्त नाव काढायला वेळ लागतो. ह्याने सोपा रस्ता धरला. ज्या ओळीत कोणाचं नाव दिसेल ती ओळच उडवून दे. कॉम्प्युटरला तसं सांगितलं आणि एका दुपारीत काम संपवून ढेकर देत बाहेर आला. "आई, हजारो पानं साफ करून टाकली."

मी तेव्हाच म्हटलं होतं, "लोकांची नावं म्हणजे कचरा आहे का रे?"

"आई, तुला नाही समजणार."

त्याचे बाबा, श्यामसुंदर, आयुष्यभर तोफा बनवणाऱ्या फॅक्टरीत खरादीवर, म्हणजे लेथ मशीनवर होते. तिथे एखाद्या जुन्या मशीनची खोड नव्या माणसाला सांगायची तर आधी ज्याने ती शोधली त्या उस्तादाचं नाव घ्यायचे, मग खोड सांगायचे. हे का तर नुसता मान म्हणून नाही. सांगितल्याप्रमाणे केलं आणि तरी मशीन अडलं, तर जायचं कोणाकडे हे नव्या माणसाला माहीत पाहिजे. हे जेवताना आमच्याकडे रोज बोलणं व्हायचं. सौमित्र तिथेच बसून वरणभात खायचा. वरणभात तेवढा अंगी लागला.

आता झालं काय ते ऐका.

मागच्या आठवड्यात हैदराबादच्या टीमला एका शीतगृहाचं यंत्र बंद करून परत चालू करायचं होतं. त्यांनी साथीला विचारलं. साथीने एकदम छान, क्रमाने उत्तर दिलं. ते उत्तर चिन्मयीने लिहिलेलं, शब्दन् शब्द. फक्त त्यात तिची एक ओळ होती, जुनं यंत्र असेल तर चिन्मयीला विचारल्याशिवाय हे करू नका, ते आपलं आपण परत चालू होत नाही. त्या ओळीत तिचं नाव. म्हणून ती ओळ नाही.

यंत्र जुनं होतं. बंद झालं ते बंदच राहिलं. आत मटार होता, गाड्याच्या गाड्या. दार उघडलं तेव्हा वासाने लोक मागे सरले म्हणे.

आता गंमत बघा. साथीचं उत्तर बरोबर यायचं तेव्हा सगळे म्हणायचे, साथीने सांगितलं. वा साथी, वा सौमित्र. मटार सडल्याबरोबर वरच्या लोकांनी पहिला प्रश्न केला, हे मूळ लिहिलं कोणी? पानं साफ झालेली, पण कोणतं पान कोणाचं ते यादीत होतं, तेव्हा बरोबर नाव सापडलं. चिन्मयीचं.

काल दुपारी चार वाजता मीटिंग ठेवली. पुण्याच्या राजश्री मॅडम, दोघांच्याही वरच्या, ठरवणार होत्या की चिन्मयीला ठेवायचं का काढायचं.

जेवायला बसलो तर चिन्मयीने घास घेतला नाही. सौमित्रकडे बघून म्हणाली, "ती ओळ मी लिहिली होती. तुला माहीत आहे ना?"

"हो."

"कुठे गेली?"

"अगं, नावं काढताना गेली असेल. मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम केलं असं मी कुठे म्हणून राहिली? एवढंच मीटिंगमध्ये सांग. ओळ होती आणि साफ करताना गेली. बस."

"सांगतो ना. बघतो."

मी भाजीचं पातेलं खाली ठेवलं. "बघतो काय, सौमित्र? सांगतो म्हण."

"आई, तू मध्ये पडू नको. ऑफिसचं आहे."

"माझ्या सुनेची नोकरी आहे ती. मी मध्येच राहते, मधल्या खोलीत."

तो हसला. मला वाटलं, हसला म्हणजे सांगेल. आईची अक्कल कुठे गहाण पडते बघा.

चार वाजता दोघं आपापल्या खोलीत गेले. मी मध्ये मटारची परात घेऊन बसले. खाली कोचिंग क्लास सुटला होता, पोरांच्या स्कूटरी पों पों करून राहिल्या होत्या. मी उठून खिडकी लावली. लपून नाही ऐकलं. दोन्ही दारं उघडी होती आणि मला बघून कोणीही लावली नाहीत.

राजश्री मॅडमचा आवाज दोन्ही खोल्यांतून येत होता, आधी पुढून, मग मागून, देवळातल्या घुमण्यासारखा. "सौमित्र, आप बताइए. साथी ने अधूरा जवाब क्यों दिया?"

माझ्या बोटांत शेंग तशीच राहिली.

सौमित्र खाकरला. "मॅम, साथी तो वही देता है जो उसको मिला है. सोर्स में जितना था, उतना ही आया."

"मतलब मूल जवाब ही अधूरा था?"

"जी... ऐसा कह सकते हैं."

ऐसा कह सकते हैं! माझ्या पोटचा पोरगा. शुद्ध हिंदीत.

मागच्या खोलीतून चिन्मयीचा आवाज आला. एवढा शांत की मला भीती वाटली. "मॅम, उसमें एक लाइन और थी. पुरानी मशीन हो तो मुझसे पूछे बिना न करें. वो लाइन हटाई गई है. जिसने हटाई, उसको पता है. मैं चाहूँगी कि वो खुद बताए."

पुढच्या खोलीत खुर्ची करकरली. मी मनात म्हटलं, बोल रे. बोल. अजून वेळ आहे, बोल.

सौमित्र म्हणाला, "मॅम, वी विल चेक."

एवढं इंग्रजी मला येतं.

राजश्री मॅडमना तरी काय म्हणू? त्यांनी दोनदा विचारलं, "कोई कुछ कहना चाहता है?" समोर बसलेला नवरा गप्प, तर पुण्याची बाई काय समजणार? म्हणाल्या, चिन्मयीने आजपासून काम बंद करावं, बाकीचं कागदावर कळवू. फार गोड आवाजात म्हणाल्या. नोकरी गेल्याचं हल्ली असंच सांगत असतील.

चिन्मयी बाहेर आली. डोळे कोरडे. माझ्यासमोर बसली आणि परातीतल्या शेंगा सोलायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तर म्हणाली, "नका आई. हात ठेवला तर मी रडेन, आणि मला त्याच्यासमोर रडायचं नाही."

"तू त्याचं नाव काहून नाही घेतलं?"

"मी घेतलं असतं तर बायकोने नवऱ्याला फसवलं म्हणाले असते. आणि मला वाटलं होतं तो घेईल." टरफलं बाजूला टाकत ती म्हणाली, "मला खरंच वाटलं होतं."

एवढ्यात सौमित्र बाहेर आला. पाठ ताणून आळस दिला आणि काय म्हणाला असेल?

"आई, जरा चहा टाक ना."

माझ्या हातातल्या शेंगा जमिनीवर सांडल्या. सांडल्या कशाच्या, मी फेकल्या.

"काय झालं?" म्हणतो.

"काय झालं? तुझ्या बायकोची नोकरी खाऊन आला आणि वर चहा मागून राहिला!"

"आई, ऐकून तर घे. मी बोललो असतो तर दोघांचीही गेली असती. तिची तर जाणारच होती, वरचे लोक आधीच ठरवून बसले होते. एक तरी राहिली ना? घर चालायला पाहिजे का नको? मी घरासाठीच गप्प बसलो."

मी चिन्मयीकडे पाहिलं. ती सोलतच होती.

"चिन्मयी, हा म्हणतो घरासाठी. तुला विचारलं होतं का याने?"

"नाही."

"मला तर विचारलंच नाही. मग हे घर म्हणजे कोण रे? तू एकटा?"

"तू समजून घेत नाहीस, आई. मॅडमनी मला टीमचा लीड करायचं ठरवलंय. अशा वेळी स्वतःहून सांगायचं की चूक माझी? कोण सांगतं असं?"

"तुला कोणी सांगितलं की लीड करणार?"

तो जमिनीवरच्या शेंगा उचलायला वाकला.

"कधी सांगितलं?"

"...काल."

चिन्मयीचे हात थांबले. हे तिला माहीत नव्हतं. तिने सौमित्रकडे पाहिलं, फार वेळ नाही, एखाद्या दुकानदाराने चुकीचा माल दिल्यावर पाहावं तसं. मग उठली, पदराला नाही, कुर्त्याला हात पुसले आणि म्हणाली, "मी राजश्री मॅडमना फोन करते. आता मी सांगते."

"चिन्मयी, थांब," सौमित्र तिच्या वाटेत आला. "आई, तू सांग तिला. प्लीज. ती तुझं ऐकते."

खरं आहे, ती माझं ऐकते. मी म्हटलं, "चिन्मयी, तू नको करू फोन. तू सांगितलंस तर भांडण वाटेल." सौमित्रचा चेहरा एकदम सैल झाला. बिचाऱ्याला वाटलं आई आपली झाली. मी त्याच्या टेबलावरून फोन उचलून आणला आणि त्याच्या छातीशी धरला. तो घेईना. मी धरूनच राहिले. हात दुखायला लागला तरी धरून राहिले.

"आई, मी नाही करू शकत," तो म्हणाला. हळू आवाजात, लहानपणी ताप आला की बोलायचा तसा. पण मी फोन खाली केला नाही.

"सौमित्र, ओळ उडवली ती चूक होती, चुका मी पोटात घालते, तुझ्या बापाच्याही घातल्या. पण आज दोनदा विचारलं आणि दोनदा तू तिला बुडताना बघितलं, खुर्चीवर बसून. तू भित्रा आहेस. आज तुझ्या तोंडावर म्हणते, उद्या महाराष्ट्र मंडळात चारचौघांत म्हणीन, तुझ्या सासऱ्यांसमोर म्हणीन, आणि तू त्या बाईला फोन करून मी केलं असं सांगत नाहीस तोवर कोणी विचारलं मुलगा काय करतो, तर हेच सांगीन."