रुळाखालच्या लाकडाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. लाकडावरून मला फिरवले की ते गुळगुळीत होते. माझे अंग बाभळीचे आणि पाते पोलादाचे. १९१४ साली लोणावळ्याच्या महंमद मिस्त्रींनी मला स्वतः घडवले. त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलाच्या, रज्जाकच्या हाती आलो. खंडाळ्याच्या बंगल्यांसाठी आम्ही कितीतरी मेजे आणि कपाटे केली. लोक मेजावरून हात फिरवून म्हणत, "वा मिस्त्री, आरसाच जणू!" सागाशिवाय दुसऱ्या लाकडाला आम्ही फारसा हात लावला नव्हता.

मग दुसरे महायुद्ध आले आणि सगळा साग लष्कराकडे जाऊ लागला. त्यातच १९४३ च्या उन्हाळ्यात रज्जाकची बायको मेहमुदा तापाने आजारी पडली. ताप उतरला, पण कमरेखालचे अंग लुळे झाले. पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर त्र्यंबकराव रज्जाकला अंगणात नेऊन म्हणाले, "मिस्त्री, नुसत्या औषधानं हे बरं होणार नाही. रोज थोडा वेळ त्यांना टेकवून बसवायला हवं. अशाच पडून राहिल्या तर दिवाळीपर्यंत टिकणार नाहीत."

घरात साधी खुर्ची होती, पण तिच्यावरून मेहमुदा एका बाजूला कलंडे. तिला उंच हातांची, रुंद पायांची खुर्ची हवी होती. रज्जाक लाकडासाठी तळेगावापर्यंत हिंडला. साग कुठेच मिळेना. शेवटी एका बंगल्याच्या बागेत सिल्व्हर ओकचे झाड वाऱ्याने पडलेले त्याला मिळाले. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे, बंगलेवाल्यांनी सावलीसाठी लावलेले. लाकूड देखणे होते, पण हिरवे, म्हणजे आतून ओले. ते वर्षभर तरी वाळायला हवे होते, आणि लोणावळ्यात पाऊस थांबत नव्हता. रज्जाकने काही फळ्या पडवीत ठेवल्या आणि पायांसाठीचे तुकडे चुलीवर टांगले.

पंधरा दिवसांनी त्याने ते तुकडे माझ्याखाली घेतले. मित्रांनो, मला तेव्हाच कळले. वरून कोरडे वाटणारे ते लाकूड आत ओले होते. त्याचे छिलके माझ्या तोंडात चिकटून बसत होते. रज्जाक सारखा मला उलटा करून ते काढत होता. म्हणजे त्यालाही कळले होते. पण आतून मेहमुदाचे कण्हणे ऐकू येई आणि तो पुन्हा मला जोराने रेटी.

श्रावणात खुर्ची झाली. मेहमुदा तिच्यावर तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी कट्कन आवाज आला. घाईने वाळवलेला पाय आतून चिरला होता. मेहमुदा फरशीवर पडली, पाठीच्या जखमा उघडल्या, तिला पुन्हा ताप भरला.

"अहो, आता मला कशावरही बसवू नका," ती रडत म्हणाली. "पडून मरेन, पण पुन्हा नाही."

रज्जाकने मला कोपऱ्यात ठेवले. महिनाभर त्याने एकाही हत्याराला हात लावला नाही. माझ्या पात्यावर गंज चढला.

एके सकाळी रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधला शेजारचा दत्तोबा बैलगाडी घेऊन दारात आला. गाडीत मोडीत काढलेले दोन स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवे घालतात ते जाड लाकडी ठोकळे होते. तो म्हणाला, "मिस्त्री, ह्ये लाकूड बी ऑस्ट्रेलियाचंच. जारा म्हनत्यात. घाटात पंचवीस वर्सं रुळाखाली व्हतं. मुकादमाला इचारून आनलंय."

"दत्तोबा, मी आता लाकूड धरणार नाही. माझ्या हातून ती पडली."

"व्हय, तुमच्याच हातनं पडली. पर दुसरं कोन हाय हितं?"

रज्जाक उठला आणि हातोडीने स्लीपर ठोकून पाहू लागला. एकाचा आवाज बसका आला, तो त्याने बाजूला सारला. दुसरा घंटेसारखा वाजला. त्याचे टोक कापले तेव्हा आत लालभडक, कोरडे लाकूड निघाले.

असे कठीण लाकूड मी कधी पाहिले नव्हते. दहा-बारा हात मारले की पात्याची धार जाई. रज्जाक धार लावी, पुन्हा सुरू करी. एकदा लाकडात रुतलेली खडी लागली आणि माझ्या पात्याचा कोपराच उडाला. त्याने ते घासून घासून सरळ केले. माझा तळ झिजला, तोंड रुंदावले. रज्जाकच्या तळहातांतून रक्त येत होते. दत्तोबा म्हणे, "आता पुरं करा," तर तो म्हणे, "सांधा अजून घट्ट बसत नाही." पाठीसाठी त्याने पडवीत राहिलेली सिल्व्हर ओकची फळी घेतली, कारण ती हलकी होती आणि पातळ असल्याने एवढ्या महिन्यांत खरोखर वाळली होती.

खुर्ची मेहमुदाच्या खाटेजवळ आणली, तशी तिने तोंड फिरवले. रज्जाक स्वतः खुर्चीवर बसला. मग धिप्पाड दत्तोबा दोन्ही पायांनी वर चढला आणि उड्या मारू लागला. करकरण्याचा आवाजही आला नाही. त्याचे मुंडासे सुटून नाकावर आले, तेव्हा कित्येक महिन्यांनी मेहमुदाला हसू फुटले.

"उचला मला," ती म्हणाली.

त्या दिवशी ती घटकाभर बसली. दोन्ही हात मोकळे होते, म्हणून तिने फणी मागितली आणि आपले केस आपणच विंचरले. रज्जाक भिंतीकडे तोंड करून रडला.

जखमा भरायला फाल्गुन उजाडला. पायांत मात्र बळ परत आले नाही. मीही त्यानंतर कामाचा राहिलो नाही. आता रज्जाकजवळ लोखंडी रंधा आहे. कुणी घाई केली, की तो हातातले काम खाली ठेवतो. कित्येक गिऱ्हाइके रागावून दुसरीकडे जातात, तो जाऊ देतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी सुतार आला आणि "लाकूड अजून ओलं आहे, थांबा" असे म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका. त्याच्यासाठी एक पाट टाका, पाणी द्या आणि थांबा.