पटातली पाळी

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत अकोल्याजवळच्या एका गावाला शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, भारी वेड लागलं. पटाच्या मंडळीत तीसेक जण होते. धावेची वाट सगळे मिळून सपाट करत. पण सकाळच्या गारव्यात धावत ते देशमुख-पाटलांचेच बैल. सुकाजी माळ्याच्या जोडीची पाळी भर दुपारी, उखडलेल्या मातीत यायची.

यंदा सुकाजी आठ दिवस घरोघर फिरून एकेकाशी बोलला. मग मंडळीच्या बैठकीत तो उठला.

"पाळी चिठ्ठीनं ठरवा," तो म्हणाला.

"रीत काऊन मोडून राहिला?" मंडळीचे प्रमुख भगवंतराव देशमुख गरजले.

"वाट आमी सारेच बनवतो ना, मालक? मंग सकाळ तुमचीच कशी?"

"मले पटते," म्हणत संपत गाडीवान उभा राहिला. मग दुसरा, तिसरा. बघता बघता बावीस जण उभे राहिले.

भगवंतरावांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि डोक्याचा रुमाल काढून पुढे पसरला. "टाका चिठ्ठ्या."

पहिली चिठ्ठी संपतची निघाली. पटाच्या दिवशी कोवळ्या उन्हात त्याचे कापूस वाहणारे बैल सुसाट सुटले, आणि आपलीच जोडी धावत असल्यासारखा सुकाजी घसा बसेपर्यंत ओरडला.