खमीसचा दाखला

प्रणालीने फ्रेमवरचा तपकिरी कागद फाडला आणि फ्रेम नुमानच्या हातात दिली. त्याच्या मुलीच्या, मुनिबाच्या लग्नाची भेट म्हणून, थोडी आधीच देते आहे, असे ती हसत म्हणाली.

नुमान ओमानच्या किनाऱ्यावरल्या सूर गावातल्या त्या लहानशा संग्रहालयाचा व्यवस्थापक. प्रणाली गजभिये नागपूरची, दोन वर्षांपूर्वी जुन्या कागदांच्या नोंदी करायला इथे आलेली. गुरुवारी नवे दालन उघडायचे होते. गुलामांचा व्यापार थांबवणारे तह, झडती घेणारी आरमारी जहाजे, झडती चुकवण्यासाठी सूरच्या गलबतांनी लावलेली फ्रेंच निशाणे, त्यावरून हेगच्या न्यायाधीशांपुढे चाललेला खटला, असे सगळे तिथे मांडले होते. शेवटच्या भिंतीवर गुलामीतून सुटलेल्या माणसांच्या नावांची यादी लागणार होती.

फ्रेममध्ये त्यातल्याच एकाच्या दाखल्याची प्रत होती. मस्कतच्या ब्रिटिश वकिलातीने शंभर वर्षांपूर्वी दिलेला सुटकेचा दाखला. खमीस, वय अंदाजे पस्तीस, डाव्या हाताला दोन बोटे नाहीत. लहानपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पळवून आणले, सूरमध्ये विकले. अकरा दिवस चालत मस्कतला आला. यापुढे तो स्वतंत्र आहे, त्याला कोणी अडवू नये.

दोन बोटे नसलेला आपला पणजोबा खमीस अकरा दिवस चालत सुलतानाला भेटायला गेला होता, ही गोष्ट नुमानने तिला चहाच्या वेळी दहादा तरी ऐकवली होती. कागदावर सुलतान नव्हता, पण बोटे आणि दिवस जुळले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिच्या घरी आजोबांचा दीक्षेच्या दिवशीचा फोटो दर्शनी भिंतीवर आहे. आपल्या माणसाने मान वर केली तो दिवस घरात शिरताच दिसावा, अशी तिच्या वडिलांची इच्छा. नुमानच्या घरीही तसेच होईल, असे तिने गृहीतच धरले.

नुमानने फ्रेम पालथी ठेवली, उठून दार लावले.

"कोणी पाहिलं हे?"

"अजून कोणी नाही. गुरुवारी पाहतीलच की."

मग त्याने हलक्या आवाजात तिला समजावले. सुटलेल्या माणसांनी मालकांच्याच टोळीचे नाव लावले, चार पिढ्या गेल्या, आता बाजारात कोणी विचारत नाही. विचारतात ते लेक देता-घेताना. मुलाकडचे सूरमधले मानाचे घराणे. यादीत खमीस दिसला की मुनिबाचे लग्न मोडणार, आणि तिच्या पाठच्या दोघींनाही कोणी विचारणार नाही. प्रणालीला राग आला. लाज वाटायची तर विकणाऱ्यांना वाटावी, चालत गेलेल्याने काय केले, असे ती तावातावाने म्हणाली. त्याने सगळे ऐकून घेतले.

"तुमचं खरं आहे, सिस्टर. पण मुलगी माझी आहे."

यावर तिला भांडता आले असते. पण दर शुक्रवारी इथल्या मराठी बायका जमतात, तिथे आडनावाचा विषय निघाला की ती स्वतः 'आम्ही विदर्भाकडचे' म्हणून वाटीतली चटणी पुढे सरकवते. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्याला मूठ उघड म्हणून ती कोणत्या तोंडाने सांगणार?

अक्षर लागत नसेल तर नोंदीत 'नाव अवाच्य' लिहायची पद्धत आहे. त्या दुपारी तिने खमीसपुढे तेच लिहिले. लंडनमधली मूळ फाइल उघडायला सूरचे कोणी जाणार नव्हते. भिंतीवरची यादी मात्र सगळे गाव बोट लावून वाचणार होते. फ्रेम तिने आपल्या खणात ठेवली. त्या माणसाला आपण पुन्हा अकरा दिवस उलटे चालवत सूरला आणले, असे तिला वाटत राहिले आणि जेवण गेले नाही.

बुधवारी जहूर आला. मुनिबाच्या होणाऱ्या नवऱ्याचा सख्खा चुलता. नुमान कामासाठी मस्कतला गेला होता. खमीसबद्दल कोणीतरी बोलले असणार, असे प्रणालीला वाटले. तिने वेलची घातलेल्या अरबी कॉफीचा, काहव्याचा, पेला दिला. त्याने पेला तसाच ठेवला. पाहुणा काहवा पीत नाही तेव्हा काही मागायला आलेला असतो, एवढे तिला कळू लागले होते.

त्याने यादी पाहायला मागितली. छापायला जायच्या आधी ती कोणालाही दाखवायची नव्हती, पण नाही म्हटले तर संशय वाढेल म्हणून तिने ती पुढे केली. तो एकेका ओळीवरून बोट फिरवत खाली आला. खमीसच्या ओळीवर बोट क्षणभर थांबले, पुढे गेले. चार ओळी खाली पुन्हा थांबले.

"हे नाव काढा."

"कोण आहेत हे?"

"माझे आजोबा."

तिने नाव वाचले, पुन्हा वाचले. तिला हसूच फुटायचे बाकी राहिले. दोन्ही घरची माणसे एकाच दारातून सुटलेली, आणि दोन्ही घरे एकमेकांना घाबरून बसलेली! आता कोणी कोणाला भ्यायचे कारण उरले नव्हते. खमीसची फ्रेम याच्यासमोर ठेवावी म्हणून तिने खण ओढला.

"आणखी एक," जहूर आवाज खाली आणून म्हणाला. "मुलीकडच्यांचं काही सापडलं, तर आधी मला सांगा. लग्न लगेच खलास करू. असलं रक्त आमच्या घरात यायला नको."

त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा कुठेच नव्हता. तो अगदी मनापासून बोलत होता.

प्रणालीने खण पुन्हा लावला.

"त्यांचं काही सापडलं नाही," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या आजोबांचे नाव खोडले. आठवडाभर तिला हे लग्न मोडेल याची धास्ती होती. आता ते होईल याची वाटू लागली.